रस्त्यापलीकडून वहिनी

६ मार्च, बुधवार

वहिनीचं ऑपरेशन ठरलं. अठ्ठावीस तारखेला. डावीकडचा जबडा काढणार, जवळजवळ अर्धा. पायातलं हाड घेऊन तिथे बसवणार म्हणे. सुताराने दाराची चौकट बदलण्याबद्दल सांगावं तसं डॉक्टरांनी सगळं समजावलं. "गाठ पूर्ण निघेल. जिवाला धोका नाही. दिसण्यात मात्र फरक पडेल."

भाऊजी जमिनीकडे बघत होते, आमचे हे छताकडे. सख्खे भाऊ! एक खाली बघणार, एक वर, आणि समोर बघायचं काम आम्हा दोघी जावांचं. शेवटी वहिनीनेच विचारलं, "किती फरक?"

"बराच," डॉक्टर म्हणाले. खोटं बोलले नाहीत याबद्दल त्यांचे आभार मानावेत की त्यांना दोन शब्द सुनावावेत, मला अजून कळलेलं नाही.

परत आल्यावर घराच्या पायऱ्या चढताना वहिनी थांबली, माझ्याकडे वळली. "धाकटे, तुझं ते फोटोचं दुकान मग काय कामाचं? त्याआधी माझा एक फोटो काढ. सगळ्यांबरोबर. जशी आहे तशी." एवढं बोलून वरच्या मजल्यावर, तिच्या घरात निघून गेली.

मला वाटलं होतं ती रडेल. मग मीच रडले, खाली दुकानात येऊन.

७ मार्च

इतक्या वर्षांत या बाईने मला एक फोटो धड काढू दिलेला नाही. मी कॅमेरा उचलला की तिला हटकून आठवतं, गॅसवर दूध ठेवलंय! पोस्टाच्या खिडकीत बसून रोज अर्ध्या गावाला तोंड दाखवते, पण माझ्या कॅमेऱ्याला नाही.

आणि दुकान तरी कुणामुळे? मी या घरात आले तेव्हा इथे अडगळीची खोली होती. पेट्या, मोडकी पलंगाची फळी, सासूबाईंनी 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेलं सगळं. मला स्टुडिओ काढायचाय हे मी फक्त वहिनीजवळ बोलले होते, तेही कुरकुरत. दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई पदर खोचून सगळी अडगळ गच्चीवर नेतेय! सासूबाई म्हणाल्या, "हे काय?" तर म्हणे, "धाकटीला खोली हवीय." विचारलं नाही, सांगितलं. जावा जावा उभा दावा म्हणतात. दावा आमच्यातही रोज होतो, नळावरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून. पण ती सकाळ मी विसरलेली नाही.

आज घरातल्या सगळ्यांचे मोबाईल गोळा करून तिचे फोटो शोधले. दुसऱ्यांच्या घरांचे फोटो काढून माझे केस पिकले, आणि आमच्या घरात दिव्याखाली अंधार! प्रत्येक फोटोत वहिनी कडेला. ती सगळ्यात शेवटी येते ना, हात पुसत, मग जागा मिळेल तिथे उभी राहते. आणि मोबाईलची लेन्स ही अशी, की मधल्यांना सोडते आणि कडेच्यांना ताणते. वहिनीचा गाल परातीएवढा. एकात तर नुसता खांदा आणि अर्धा कान.

जशी आहे तशी! एकही नाही.

९ मार्च

लेन्स कोणती?

माझ्याकडे रोजच्या दोन. पस्तीसची आणि पन्नासची. आकडा लहान तितकी माणसं जास्त मावतात, आकडा मोठा तितकं मागे मागे सरकायचं. दुकान लहान, म्हणून मी आयुष्यभर पस्तीसवर संसार केला. चार माणसांचं कुटुंब असेल तर चालतं. आमच्या खटल्याचं काय? कॅमेऱ्यामागची मी सोडली तरी दहाजण!

हॉलमध्ये करून पाहिलं. कपाटाला पाठ लावून पस्तीसने सगळे मावतात, पण कडेचा फुगतो. ह्यांना मुद्दाम कडेला उभं केलं. फोटो बघून हे हळूच, "माझं पोट एवढं आहे?"

"लेन्समुळे."

"मग ठीक आहे." आणि जाऊन निवांत जेवले. लेन्सने वाढलेलं पोट आणि जेवणाने वाढलेलं पोट यांतला फरक मी काही सांगितला नाही.

माझा धंद्यातला नेम असा, की अंगाने सडपातळ असतील ते कडेला आणि जाडजूड मध्ये. कुणाला काही कळत नाही आणि घरोघरी लोक खूश. पण वहिनीला असं चुकवाचुकवी करून बसवायचं नाही. तिला मध्येच बसवायचं आहे, आणि बाकीच्यांवरही अन्याय नको. हा फोटो पुढे नातवंडं बघतील.

१० मार्च, रविवार

भांडण झालं! अगदी कडाक्याचं.

वहिनीला दुकानात स्टुलावर बसवून नुसते चाचणीचे फोटो काढले. आधी पस्तीस, मग पन्नास, समोरून, जरा बाजूने, खिडकीच्या उजेडात. चांगले आले होते. मी तरी चांगलेच म्हणेन. तिने संगणकावर पाहिले आणि मान हलवली. "ही मी नव्हेच."

"म्हणजे?"

"म्हणजे ही मी नाही. तोंड वाकडं आलंय. नाक केवढं! तीळ भलतीकडे गेलाय."

"तीळ कसा जाईल गं भलतीकडे? तीळ काय रस्ता ओलांडतो?"

"मला माझं तोंड माहीत नाही?"

मग माझाही ताबा सुटला. म्हटलं, "ही तू नाहीस तर कोण आहे, शेजारीण?" ती उठली. दारातून म्हणाली, "एक फोटो मागितला होता." आणि गेली.

हे शेवटचं वाक्य दिवसभर टोचतंय. तिच्या हातात थोडे दिवस आहेत आणि ते मी तिच्या तिळावरून भांडण्यात घालवतेय. देवा, मला जरा अक्कल दे.

१२ मार्च

सापडलं! सापडलं!

सकाळी माफी मागायला वर गेले. (मागितली नाही. तिने चहा दिला, मी प्यायले, झालं.) ती आरशासमोर केस विंचरत होती आणि मी तिच्या मागे उभी. सहज आरशात पाहिलं आणि थबकले. आरशातली वहिनी मला ओळखीची वाटेना! भांग उलट्या बाजूला, तीळ उलट्या बाजूला, आणि हसताना तिचा ओठ जो थोडा वर जातो तोही भलत्याच बाजूला. मी तिला कायम समोरून बघत आले, ती स्वतःला कायम आरशातून. साठीला आली, तरी आपण इतरांना कशा दिसतो हे तिने कधी पाहिलेलंच नाही!

हाताला धरून खाली आणली. रविवारचाच फोटो संगणकावर उलटा फिरवून दाखवला, डावं उजवीकडे. "हां!" एकदम म्हणाली. "ही बघ, ही मी!" तेवढ्यात तिची लेक, माझी पुतणी, मागे येऊन उभी राहिली. "ई, आई कशीतरीच दिसतेय यात. वेगळीच कुणीतरी."

वहिनी बराच वेळ दोन्ही फोटोंकडे आळीपाळीने बघत राहिली. मी विचारलं, "बोल, कोणता करू? तुला दिसतो तसा की आम्हाला दिसतो तसा?"

"तुम्हाला दिसते तसा," ती म्हणाली. "मला मी पाठ आहे."

मी उठून उगाच पडदा सारखा केला.

एक मात्र कबूल. नाकाबद्दल ती बरोबर होती. पस्तीस लावून मी तिच्या फार जवळ गेले होते. जवळून बघितलं की जे पुढे ते मोठं. नाक पुढे, कान मागे, गाल पळतात दोन्हीकडे. दोष लेन्सचाही नाही, जवळ जाण्याचा आहे. लांब उभं राहायचं आणि लांबूनच जवळचं दिसेल अशी लेन्स घ्यायची, म्हणजे चेहरा आपल्या जागी राहतो.

पंच्याऐंशीची हवी. माझ्याकडे नाही.

१४ मार्च

लग्नवाल्याकडे गेले. हो, त्याच्याकडेच!

हा मोठ्या रस्त्यावरचा. लग्नांचे फोटो काढतो, मोठी पाटी, मोठे दिवे, आणि नवरा-नवरीचे चेहरे असे घासून पुसून देतो की आईलाही पोर ओळखू येऊ नये. त्याच्याबद्दल मी चारचौघांत काय काय बोलले आहे ते इथे लिहीत नाही. त्याच्या कानावर गेलं असणारच. तरी त्याच्या दारात उभी राहिले. अडला हरी, दुसरं काय.

"ताई, तुम्ही?" म्हणाला. मी कारण सांगितलं. ऐकताना त्याने हातातला फोन उपडा ठेवला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कपाट उघडून पंच्याऐंशीची लेन्स टेबलावर ठेवली, वर कॅमेऱ्याची तिवई पण काढली.

"पोस्टातल्या ताई ना? त्यांनी माझ्या आईचं पार्सल तीन गावं फिरून परत आणवलं होतं," म्हणाला. "वापरा हवी तितके दिवस. फक्त एक करा, उजेड आत येतो ते भोक लहान ठेवा. लेन्स पूर्ण उघडलीत तर पुढची ओळ कोरून काढल्यासारखी येईल आणि मागची धुक्यात जाईल."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "हो हो, माहीत असणारच," तो म्हणाला, आणि हसला नाही. याबद्दल त्याचे विशेष आभार.

त्याच्याबद्दल बोललेलं आता परत घ्यावं लागणार. निम्मं तरी.

१५ मार्च

आता जागा! घोडा मिळाला, पळवायचा कुठे?

या लेन्सने सगळे मावायचे तर मला खूप लांब जायला हवं. हॉल गेला, दुकान गेलं, गच्चीवर पाण्याची टाकी मध्ये येते. शेवटी ठरवलं, घराच्या पुढच्या पायऱ्यांवर दोन ओळींत सगळे. उजेड सकाळी तिथे छान मऊ असतो. मी रस्त्यापलीकडे. ह्यांना पायरीवर उभं करून पाहिलं. रस्ता ओलांडला तरी पुरत नाही. अजून मागे जायचं तर पाठीला मास्तरांचं दार!

मास्तर म्हणजे समोरच्या घरातले. एकटेच राहतात, शाळेतून निवृत्त झाले पण शाळा त्यांच्यातून गेली नाही. आमच्या स्कूटरचं चाक त्यांच्या हद्दीत बोटभर गेलं तरी खिडकी उघडते. त्यांच्या घरात कॅमेरा लावू द्या म्हणायचं?

म्हटलं. दारातच उभं राहून एका दमात सांगितलं. ते चष्म्यावरून बघत राहिले.

"किती आत यायचंय?"

"हॉलच्या टोकापर्यंत. कदाचित स्वयंपाकघराच्या दारापर्यंत."

"मध्ये टेबल येतं."

"हो."

"मग ते हलवायला नको का? बघत काय बसलात, धरा ती बाजू!"

आम्ही दोघांनी टेबल हलवलं. नंतर म्हणाले, "अजून मागे जायचं असेल तर सांगा, भिंत पाडू." हे मास्तर विनोद करतात! इतकी वर्षं समोर राहून मला पत्ता नाही.

१७ मार्च, रविवार

झाला. फोटो झाला. सगळं लिहूनच उठणार आहे.

तिवई मास्तरांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. पुढे त्यांचा हॉल, त्यांचं सताड उघडं दार, मग रस्ता, मग आमच्या पायऱ्या. तिथे आमची वरात. मी इथून ओरडते ते तिथे जात नाही, म्हणून पुतणीच्या नवऱ्याच्या खिशात फोन चालू ठेवला, आवाज मोठा करून. आमचे जावई तसे शांत, त्यात त्यांच्या खिशातून मी खेकसतेय, "पोट आत घ्या!" त्यांनी बिचाऱ्यांनी स्वतःचंच घेतलं. मी ह्यांना म्हणत होते.

सासूबाई मध्ये खुर्चीत. त्यांना फोटो कुठून काढतायत ते कळेना. "कॅमेरा कुठाय?" "मास्तरांच्या घरात." "चोरला त्यांनी?" मग सगळ्यांची पाच मिनिटं हसण्यात गेली.

आणि वहिनी? सगळे बसल्यावर आली, हात पुसत, आणि जाऊन उभी राहिली थेट कडेला! फोनवरून सांगितलं, मध्ये ये. "मी इथेच बरी." पुन्हा सांगितलं. "मागच्यांना मी आड येईन." शेवटी मी कॅमेरा सोडून रस्ता ओलांडला, तिचा हात धरला आणि आणून सासूबाईंच्या बाजूला बसवली. तिचा हात गार होता. तिने माझा हात लगेच सोडला नाही.

पहिले फोटो काढले. भराभर, चांगले वाटले. "झालं!" म्हणून ओरडले, सगळे पांगले, पोरं चपला काढून आत. मग मी पडद्यावर मोठं करून पाहिलं — मागची ओळ धुक्यात! भाऊजी, हे, वहिनीचा मुलगा, सगळे पुसट. लेन्स पूर्ण उघडी! काल रात्री नुसतं बघायला उघडली ती तशीच राहिली. लग्नवाल्याने सांगितलेलं, आणि वर मी 'माहीत आहे' म्हणाले होते!

सगळ्यांना परत बोलावताना लाज लाज वाटली. कुणी कुरकुरलं नाही. म्हणजे हे कुरकुरले, पण ते धरायचं नाही. तेवढ्यात रस्त्यावर गाड्या सुरू झालेल्या. एक टेम्पो मध्येच उभा राहिला. आणि बघते तर काय, मास्तर! भर रस्त्यात, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, घरातल्या चपला, हात वर करून उभे. "थांबा! फोटो चालू आहे!" अख्खी रहदारी त्यांनी वर्ग गप्प करावा तशी गप्प केली. टेम्पोवाल्याने गाडी मागे घेऊन इंजिनसुद्धा बंद केलं. एक सायकलवाला उतरून कडेला उभा राहिला आणि मला हाताने खूण केली, घ्या घ्या, सावकाश घ्या. कोण कुठला माणूस!

मी भोक लहान केलं, डोळा लावला.

आणि तेव्हा कळलं की मी इतके दिवस कशासाठी धडपडत होते. एवढ्या लांबून, अंधाऱ्या घरातून, वहिनीला कॅमेरा दिसतच नव्हता! मीही दिसत नव्हते. तिच्या दृष्टीने समोर फक्त रस्त्यात हात वर केलेले मास्तर. त्यांच्याकडे बघून तिला हसू आलं. ते दाबायला तिने ओठ मिटले, तर ते एका बाजूने निसटलं, आणि मांडीवर बसलेल्या नातवाने मान वर करून तिच्या हनुवटीला हात लावला. मी बटण दाबलं. आणखी काढले, पण मला माहीत होतं, तो मिळाला.

वहिनीने तिथून हाका मारल्या, "धाकटे, तू पण ये की!" पण मास्तरांच्या हाती बटण द्यायचा धीर झाला नाही. असू दे. मी त्यात आहेच की, समोरून बघणारी.

रस्ता मोकळा झाला तेव्हा टेम्पोवाला जाता जाता म्हणाला, "बाई, आम्हालाही एक कॉपी!" मी सगळ्यांची ऋणी आहे. टेम्पोवाल्याचीसुद्धा.

१८ मार्च

मोठा करून पाहिला. पुढची ओळ, मागची ओळ, सगळे स्वच्छ. कुणाचा गाल पळालेला नाही, ह्यांचं पोट आहे तेवढंच. आणि मध्ये वहिनी. मी इतकी वर्षं धंदा करतेय, पण असा फोटो माझ्या हातून झाला नव्हता. हे बढाई म्हणून नाही लिहीत. थोडं बढाई म्हणूनही.

वहिनीला एकटीला दाखवला. म्हणाली, "मी अशी दिसते तुम्हाला?"

"हो."

"मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?"

भाऊजी दारात उभे राहून ऐकत होते, नाक शिंकरत आत गेले.

२० मार्च

मोठा करून, चौकट घालून वहिनीच्या हॉलमध्ये लावला. खुर्च्यांच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर. लग्नवाल्याची लेन्स पुसून परत केली. त्याने फोटो मागून घेतला, मोबाईलवर. "ताई, हा घासायची गरजच नाही," म्हणाला. त्याच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे कसायाने भाजी वाढण्यासारखं.

२७ मार्च

उद्या. पिशवी भरून झाली. वहिनीने सगळ्यांना कामं वाटून दिली, भाऊजींना पाण्याची मोटर कधी लावायची ते तिसऱ्यांदा समजावलं. मला जिन्यात गाठलं.

"मला बघून दचकायचं असेल तर घरीच दचकून ये. तिथे येऊन दचकू नकोस."

मी म्हटलं, "दचकणार नाही."

"दचकशील. म्हणून तर सांगतेय."

२८ मार्च

सकाळी आत नेलं. अंधार पडल्यावर बाहेर आणलं. आहे. वहिनी आहे. बाकी काही नको.

२ एप्रिल

आज भेटू दिलं. घरी दचकून गेले होते, तरी तिथे दचकले. सूज, नळ्या, आणि डावीकडे जिथे गाल संपतो तिथे — नाही, लिहीत नाही.

तिने पाहिलं मी दचकले ते. बोलता येत नाही. नातवाची पाटी जवळ होती, त्यावर लिहिलं, 'झालं? आता बस.'

बसले. तिने डोळे मिटून घेतले आणि हात मात्र माझ्याकडे ठेवला. परिचारिका येईपर्यंत तो धरून होते.

१३ एप्रिल

वहिनी घरी आली! भाऊजींनी मोटर वेळेवर लावली होती. टाकी भरून वाहत होती, पण लावली होती.

गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणाले. त्यांना दोन शब्द सुनावायचे राहिले, ते आता कायमचे राहू देत.

तोंड एका बाजूला ओढलेलं आहे. पातळच खायचं. सासूबाई तिच्याजवळ बसून स्वतःच्या हाताने चमचा धरतात. इतक्या वर्षांत सासूबाईंना कुणाला भरवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

२१ एप्रिल, रविवार

दिवसभर माणसं. काय हे लोक! कोण फळांचा रस आणतंय, कोण मऊ उशी. मास्तर रोज संध्याकाळी येतात, फोटोसमोर उभे राहतात आणि रहदारी कशी थांबवली ते आलेल्या पाहुण्यांना पहिल्यापासून सांगतात. टेम्पो आता ट्रक झालाय.

जो येतो तो फोटोपाशी थांबतो. पोस्टातल्या सगळ्याजणी आल्या होत्या. त्यांच्या मोठ्या बाई तर फोटोवरून नजर काढेनात. "कसलं प्रसन्न हसायच्या हो!" डोळे भरून आले त्यांचे. चहा देता देता माझेही भरले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, पंच्याऐंशीची लेन्स, मास्तरांचा उंबरा, सगळं. त्या ऐकत होत्या आणि फोटो बघत होत्या. जाताना दोघींनी आपल्या घरचा फोटो काढायला बोलावलंय. आणखी तीन घरांनीही.

एक फोटो माणसांना एवढं देऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. आज झोपताना सगळ्यांचे आभार मानले, एकेकाचं नाव घेऊन.

२८ एप्रिल

वहिनी बोलायला लागली. शब्द जाड येतात, ओले येतात, काही आम्हाला कळत नाहीत. मग ती चिडून पुन्हा म्हणते. आज पहिलं पूर्ण वाक्य ह्यांच्यासाठी होतं, "पंखा कमी करा."

पाहुणे चालूच आहेत. ती खुर्चीत असते. बहुधा दमते, कारण हल्ली कुणी आलं की डोळे मिटून घेते.

५ मे, रविवार

सकाळी वर गेले तर भिंत मोकळी. फोटो खाली ठेवलेला, तोंड भिंतीकडे. वहिनीने स्वतः उतरवला, स्टुलावर चढून. मी तिच्यावर ओरडलेच, पडली असतीस म्हणजे! आणि का? एवढा सुंदर फोटो!

ती एकेक शब्द जुळवून, सावकाश म्हणाली, "येणारा प्रत्येकजण तिच्याशी बोलतो. मी इथे बसलेली असते, धाकटे. माझ्याकडे कुणी बघत नाही."

मी सांगायला गेले की तसं नाही. आणि आठवू लागले, ती घरी आल्यापासून मी तिच्या तोंडाकडे नीट कधी पाहिलं. आठवेना.

खुर्ची ओढली. तिच्या अगदी समोर बसले आणि पाहिलं. डावीकडे, उजवीकडे, सगळं पाहिलं. तिनेही पाहू दिलं.

मग म्हणाली, "हं. आता बोल."